नाव, पोट आणि हक्क : कलाव्यवसायाच्या अभ्यासाची प्रस्तावना

चित्र काढणारा, लिहिणारा, फोटो टिपणारा, अक्षरे रेखणारा, नेपथ्य उभारणारा, कोणीही या धंद्यात उतरला की दोन प्रश्न त्याच्या उशाशी येऊन बसतात. एवढ्या गर्दीत माझे काम कुणाच्या नजरेत भरेल? आणि भरलेच, तरी महिन्याचा खर्च निघेल का? पहिल्या प्रश्नावर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. प्रतिभा, साधना, रियाज, गुरुकृपा, उपेक्षा हे शब्द आपल्या कलाविषयक लेखनात जागोजागी भेटतात. दुसरा प्रश्न मात्र आपण दिवाणखान्यात काढत नाही. अमुक चित्रकाराला मुखपृष्ठाचे किती पैसे मिळाले, तमुक लेखकाच्या पुस्तकाचे हक्क कोणाकडे राहिले, बिल किती महिने थकले, हे बोलणे कलेला कमीपणा आणणारे आहे अशी एक समजूत आपल्याकडे रुजली आहे. ती समजूत मोडल्याशिवाय या विषयाचा अभ्यास सुरूच होत नाही.

हा विषय म्हणजे कलेवर उपजीविका करणाऱ्यांचा इतिहास आणि त्यांच्या आजच्या व्यवहाराचा शोध. विद्यापीठांत त्याला अजून स्वतंत्र खोली मिळालेली नाही. त्याचा एक पाय कलेतिहासात आहे, एक तंत्रज्ञानाच्या इतिहासात, आणि कायदा व हिशेब यांना वगळून तर चालतच नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९८२ मध्ये ‘आर्ट वर्ल्ड्स’ या ग्रंथात दाखवून दिले की कोणतीही कलाकृती एकट्या माणसाची नसते. रंग बनवणारा, कॅनव्हास ताणणारा, छापणारा, विकणारा, परीक्षण लिहिणारा असे कितीतरी हात तिच्यात असतात. बेकर स्वतः जॅझमध्ये पियानो वाजवून कमाई केलेले गृहस्थ होते, त्यामुळे हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. हीच दृष्टी घेऊन आपल्या मातीत पाहू लागलो तर काय दिसते, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना. त्यासाठी मी मावळ निवडला आहे.

मावळ म्हटले की पाऊस, किल्ले, चिक्की आणि शनिवार-रविवारची वाहनांची रांग डोळ्यांपुढे येते. पण मुंबई–पुणे लोहमार्गावरच्या लोणावळा, मळवली, तळेगाव या पट्ट्यात कलाव्यवसायाच्या इतिहासाची इतकी ठळक उदाहरणे शेजारीशेजारी सापडतात की अभ्यासाची सुरुवात करणाऱ्याला दूर जायची गरज नाही.

सर्वांत जुने उदाहरण कार्ल्याचे. कार्ल्याचा चैत्य सुमारे १२४ फूट लांब, भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठा. त्याच्या छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आपण हे शैलगृह पुरे केल्याचे सांगतो आणि ते जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचेही निःसंकोच नोंदवतो. हा झाला पैसा देणारा. पण दाराजवळच्या एका लेखात वेगळेच नाव आहे : धेनुकाकटाचा सामी, वेणुवासाचा मुलगा, धंद्याने वढकी म्हणजे सुतार. घराचे मुख, म्हणजे दर्शनी दार, त्याच्या नावावर नोंदले आहे. धेनुकाकट नेमके कुठले यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की आपल्या बापाचे नाव, आपले गाव आणि आपला धंदा एका सुताराने त्या दगडावर टिकवून ठेवला. दगडात कोरायच्या चैत्याला सुतार कशाला, असे कोणी विचारील. पण ते सारे दगडी कोरीवकाम लाकडी घरांच्या घाटावर बेतलेले आहे. तुळया, कमानी, गवाक्षे कशी बसतात हे ज्याला ठाऊक, त्याचा शब्द तिथे चालणारच. भारतीय कलावंत अनामिक असे, तो नावाचा हव्यास धरत नसे, असे जे सरसकट म्हटले जाते ते मला पटत नाही. संधी मिळाली तिथे कारागिरांनी नाव लिहिले आहे. बहुतेकांना संधी मिळाली नाही, एवढेच.

कार्ला लेण्यांखालून रेल्वेमार्ग ओलांडून पलीकडे गेले की मळवली. भाजे, लोहगड, विसापूरला जाणारे इथे उतरतात आणि सरळ डोंगराकडे चालू लागतात. याच मळवलीत एकेकाळी भारतातल्या सर्वांत प्रभावी चित्रछापखान्यांपैकी एक चालत होता, हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असते. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. ‘शकुंतलेचा जन्म’ हे त्यातून निघालेले पहिले चित्र मानले जाते. यंत्रे जर्मनीहून आली, तंत्रज्ञही तिकडूनच. चित्रे छापून घेण्याची कल्पना त्याआधी दहा वर्षे त्यांच्या कानी पडली होती : त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण राहिलेल्या टी. माधवराव यांनी सुचवले होते की एका हाताने किती चित्रे होणार, निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती काढाव्यात. महाराष्ट्रात चित्रे छापण्याचा धंदाही कोरा नव्हता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात १८७८ साली चित्रशाळा सुरू झाली होती आणि देवादिकांची, मराठेशाहीतल्या वीरांची तिची चित्रे घरोघर लागत होती. रविवर्म्यांनी जे केले ते असे की देशातल्या सर्वांत नावाजलेल्या, राजेरजवाड्यांकडून हवे ते मोल घेणाऱ्या चित्रकाराने स्वतःच छापखान्याची जोखीम अंगावर घेतली.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला आणि धंदे विस्कटले. शतक संपता संपता छापखाना मळवलीला हलला. त्या काळच्या अनेक चित्रांच्या तळाशी इंग्रजीत ‘रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’ अशी ओळ दिसते. दमयंती, सरस्वती, लक्ष्मी, शंतनू-मत्स्यगंधा असे सारे पौराणिक जग मद्रासपासून लाहोरपर्यंत पोहोचले, ते ही एवढीशी ओळ पायाशी घेऊन.

इथे कामाकडे जरा जवळून पाहायला हवे, कारण या विषयाच्या अभ्यासकाने कलेच्या तंत्राला हात लावला नाही तर त्याची मते हवेतच राहतात. शिळाछापाचा दगड बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणीतला चुनखडीचा असे. आलोइस सेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस हे तंत्र शोधले. तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत, या साध्या गोष्टीवर ते उभे आहे. दगड वाळू टाकून दुसऱ्या दगडाने घासून सपाट करायचा. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने उलटे चित्र काढायचे. मग डिंक आणि किंचित आम्ल लावले की रेघ नसलेली जागा पाणी धरते. ओल्या दगडावरून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघेला बसते. एका रंगाला एक दगड. लक्ष्मीच्या गालाचा गुलाबी वेगळ्या दगडावर, साडीच्या काठाचा सोनेरी वेगळ्या, पाण्यातल्या कमळाची सावली आणखी एका. एका चित्राला दहा-दहा, त्याहूनही अधिक दगड लागत. प्रत्येक कागद तितक्या वेळा दाबाखालून जायचा आणि दर वेळी कोपऱ्यातल्या खुणेवर खूण बसायला हवी. ती केसभर हलली की देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरतो. कागद हवेतला ओलावा पिऊन फुगतो, हे छपाईत काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लोणावळ्याच्या आषाढात, भिंतींनाही पाझर फुटतो अशा दिवसांत, दहा दगडांचे जुळणे राखणे हे काय कसब असेल! शेवटी वार्निश चढवून, कधी कॅनव्हाससारखी वीण उठवून, त्या कागदाला तैलचित्राची झळाळी दिली जाई. लोक त्या चित्रांना पुढे जर, टिकल्या, मोती लावून सजवत. चित्र घरात आले की ते घरच्यांचे होऊन जाई.

आता प्रश्न असा की यात यशस्वी कोण झाले? रविवर्म्यांचे नाव घराघरांत गेले, इतके की देवी म्हटले की आजही बहुतेकांच्या मनात त्यांच्याच चेहऱ्यामोहऱ्याची स्त्री उभी राहते. पण छापखान्याने त्यांना कर्जात घातले. त्यांचे भाऊ सी. राजा राजा वर्मा यांची रोजनिशी प्रसिद्ध झालेली आहे. चित्रकलेच्या इतिहासासाठी ती वाचली जातेच, पण मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगेन की तिच्यातली छापखान्याची चिंता वाचा. दोघे भाऊ संस्थाना-संस्थानांत चित्रे काढत हिंडत होते आणि छापखाना दुसऱ्यांच्या भरवशावर चालत होता. अखेर विसाव्या शतकाच्या आरंभी रविवर्म्यांनी तो आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर याला, विकला. कित्येक चित्रे छापण्याच्या हक्कांसकट. श्लायशरने चित्रांबरोबर व्यापारी लेबले, जाहिराती यांची छपाई वाढवली आणि तो धंद्यात टिकला. १९३५ मध्ये तो वारला. छापखाना पुढे १९७२ च्या आगीपर्यंत चालत राहिला.

श्लायशर चित्रकार नव्हता. पण दगड, शाई, कागद, कामगार आणि गिऱ्हाईक ही साखळी त्याला अखंड दिसत होती. रविवर्म्यांना तिची पहिली कडी जगात कोणाहूनही अधिक कळत होती. बाकीच्या कड्या दुसऱ्यांच्या हातात होत्या. म्हणून रविवर्मा अव्यवहारी होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोठमोठ्या संस्थानिकांशी मोबदल्याची बोलणी करणारा, प्रदर्शने आणि पारितोषिके यांचे मोल जाणणारा तो अत्यंत व्यवहारी माणूस होता. चित्रांच्या प्रतींचा धंदा मात्र चित्रांच्या धंद्याहून वेगळा होता आणि त्यासाठी लागणारा माणसाचा दिवस त्यांच्याकडे शिल्लक नव्हता. या उदाहरणातून मी तीन गोष्टी वेगळ्या करतो आणि अभ्यासात त्या वेगळ्याच ठेवाव्यात असे माझे आग्रहाचे सांगणे आहे : नाव, पोट आणि हक्क. ‘यश’ या एका शब्दाखाली आपण त्या तिन्ही कोंबतो आणि मग एक मिळाले की बाकीच्या आपोआप मिळतील अशा भ्रमात राहतो. मळवलीत नाव एकाकडे राहिले, हक्क दुसऱ्याकडे गेले, आणि दगडावर प्रत्यक्ष रेघ ओढणाऱ्या कितीतरी कामगारांना फक्त पोटापुरते मिळाले.

त्याच छापखान्याच्या कामातून आणखी एक माणूस घडला. धुंडिराज गोविंद, म्हणजेच दादासाहेब फाळके. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्म, मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचे कलाभवन, गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा. प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल गेले. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी. १९०६ मध्ये ती सोडून त्यांनी लोणावळ्यात उत्कीर्णन आणि छपाईचा कारखाना काढला, भागीदार रा. गो. भांडारकर. काम मुख्यतः रविवर्मा प्रेससाठी फोटो-लिथो ट्रान्स्फर तयार करण्याचे, म्हणजे फोटोवरून दगडावर चित्र उतरवण्याचे. नंतर हाफटोन ब्लॉक आणि तीनरंगी छपाईही आली. काम वाढले तसा कारखाना दादरला गेला, भागीदार बदलले, नाव ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाले, आणि १९०९ मध्ये फाळके यंत्रे आणायला जर्मनीला जाऊन आले. धंदा भरभराटीला आला असताना भागीदारांशी पटेना म्हणून ते बाहेर पडले, तेही काही न घेता.

पुढची कथा सर्वांना पाठ आहे : ख्रिस्तावरचा चित्रपट पाहणे, विम्याची पॉलिसी गहाण, १९१२ मध्ये लंडन, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन चित्रपटगृहात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट. शाळेच्या पुस्तकांत ही कथा एका वेड्या ध्यासाची म्हणून सांगतात. ध्यास होताच. पण ती अशी सांगितली की त्याआधीची वीस वर्षे वाया गेल्यासारखी वाटतात आणि तरुण वाचकाच्या मनात भलतीच आशा निर्माण होते. फाळक्यांना फोटोची रसायने कळत होती. प्रकाश कुठून पडला की चेहरा उठतो हे गोध्र्यात शिकून झाले होते. रविवर्म्यांच्या देवदेवता कशा उभ्या राहतात, कोणता हात कुठे, मुकुटाचा घाट कसा, हे लोणावळ्यात एकेका प्रतीमागे डोळ्यांखालून गेले होते. प्रतिमेची प्रत काढणे, ती प्रत दूरच्या गावी पाठवणे आणि तिथल्या माणसाला ओळखीची वाटेल अशी बनवणे, हा धंदा त्यांनी आतून पाहिला होता. हरिश्चंद्राच्या कथेला सर्वसामान्य प्रेक्षक का येईल याचा अंदाज बांधायला त्यांना लोणावळ्याइतकी चांगली शाळा मिळाली नसती. आणि घरची बाजू दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंनी सांभाळली, म्हणजे नुसती चूल नव्हे. फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे त्यांनी शिकून केली. कलाव्यवसायाच्या इतिहासात घरातल्या बायकांचे हे बिनपगारी तांत्रिक काम किती ठिकाणी दडले आहे, हा एक मोठा विषय हात जोडून अभ्यासकाची वाट पाहतो आहे.

म्हणून गर्दीत वेगळे कसे दिसावे या प्रश्नाला माझे उत्तर फाळक्यांच्या लोणावळ्यातून येते. माणूस उठून दिसतो तो आपल्या कामाच्या शेजारचे काम शिकल्यामुळे. चित्रकाराने छपाई, लेखकाने मुद्रितशोधन आणि मांडणी, छायाचित्रकाराने चेहऱ्यांबरोबर रसायने (आता रंगांचे सॉफ्टवेअर), गायकाने माइक. पूर्ण प्रभुत्व नको. समोरच्या टेबलावरचा माणूस काय म्हणतो ते कळण्याइतके पुरे. त्यातून दोन फायदे होतात. एक तर कोणी फसवू शकत नाही. दुसरा फायदा मोठा : दोन धंद्यांच्या सीमेवर, जिथे अजून कोणी बसलेले नाही, तिथली मोकळी जागा दिसते. चित्रपट ही १९१२ मध्ये अशीच मोकळी जागा होती. पण फाळक्यांचे उदाहरण पूर्ण घ्यायचे तर हेही सांगायला हवे की साखळी कळूनही ती त्यांच्या हातात राहिली नाही. १९१८ मधल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीतही भागीदारांशी मतभेद झालेच, आणि १९४४ मध्ये नाशिकला ते गेले तेव्हा त्यांच्या नावाच्या मानाने गाठीशी फारसे काही नव्हते. तंत्र कळणे आणि करार कळणे या दोन वेगळ्या विद्या आहेत.

मावळचे तिसरे उदाहरण छापखान्यापासून दूरचे, तळेगाव दाभाड्यातले. गोपाल नीलकंठ दांडेकर, आपले गोनीदा. १९१६ मध्ये परतवाड्याला जन्म, तेराव्या वर्षी घराबाहेर, गाडगेमहाराजांची सोबत, वेदान्ताचा अभ्यास, नर्मदेची परिक्रमा. १९४७ मध्ये त्यांनी ठरवले की फक्त लेखनावर जगायचे. मराठीत त्या काळी लेखक म्हणजे प्राध्यापक, शिक्षक, वकील नाहीतर सरकारी नोकर. लेखन हे फावल्या वेळचे. गोनीदांनी उलटा रस्ता धरला आणि तोही पुण्यामुंबईच्या साहित्यवर्तुळात घर न करता, मावळात राहून. ‘पवनाकाठचा धोंडी’ (१९५५) आणि ‘माचीवरला बुधा’ (१९५८) या कादंबऱ्या या प्रदेशाशिवाय जन्माला आल्या नसत्या. पवनेच्या खोऱ्यातली बोली, राजमाचीचा एकांत, किल्ल्यावर पिढ्यान्‌पिढ्या हक्क सांगणारी माणसे, हे सारे त्यांनी पायांनी मिळवले. किल्ले पालथे घातले, त्यांचे फोटो काढले, त्यावर ‘दुर्गभ्रमणगाथा’ लिहिली.

त्यांच्या पुस्तकांची यादी समोर ठेवून पाहिले तर कलाव्यवसायाचे शास्त्रच उलगडते. कादंबऱ्या आहेत, शिवकालावरची मालिका आहे, संतचरित्रे आहेत, मुलांसाठी लिहिलेले आहे, नाटके आहेत, धार्मिक ग्रंथांची सोपी रूपे आहेत. समीक्षक यातले निम्मे बाजूला सारतात. मी तसे करणार नाही. पोटासाठी लिहिलेल्या त्या पुस्तकांनीच ‘माचीवरला बुधा’सारख्या कमी माणसांच्या, जवळजवळ घटनाविरहित कादंबरीला उसंत दिली असेल, असे मला वाटते, आणि त्या पुस्तकांतही त्यांनी हात आखडता घेतलेला दिसत नाही. १९७६ मध्ये ‘स्मरणगाथा’ या आत्मकथनाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांची मुलगी वीणा देव, जावई विजय देव आणि नात मृणाल कुलकर्णी यांनी त्यांच्या कादंबऱ्यांचे जाहीर अभिवाचन सुरू केले आणि पुस्तक न वाचणाऱ्या श्रोत्यापर्यंत ते शब्द गेले. लेखकाचे काम त्याच्या हातून सुटल्यावरही वाढवणारे कोणी असले तर ते किती वाढते, याचे हे मला फार प्रिय उदाहरण आहे.

तुलनेसाठी मावळाबाहेरचे एक उदाहरण. गोनीदांच्याच जन्मसाली, १९१६ मध्ये, गोव्यात मडगावला चित्रकार दीनानाथ दलाल जन्मले. मासिकांच्या मुखपृष्ठांनी त्यांना घराघरांत पोहोचवले. पण १९४५ मध्ये त्यांनी ‘दीपावली’ हा अंक स्वतः काढला, हे या अभ्यासाला अधिक महत्त्वाचे. चित्रकार रघुवीर मुळगावकरांनीही ‘रत्नप्रभा’ काढले. मुखपृष्ठ काढून देणारा चित्रकार अंकाचा मालक झाला की नाव, पोट आणि हक्क एका छपराखाली येतात. त्याची किंमत म्हणजे रात्रंदिवसाची दगदग.

आज मावळात काय चालले आहे? पवना धरणाच्या काठावर लग्नाआधीचे फोटो काढणारी तरुण मुले पहाटेपासून उभी असतात. लोणावळ्याचे रिसॉर्ट, होमस्टे यांच्या भिंती रंगवणारे, पाट्या बनवणारे, ड्रोन उडवणारे आहेत. केरळातून आलेले शिल्पकार सुनील कंडलूर यांनी लोणावळ्यात मेणाच्या पुतळ्यांचे संग्रहालय उभे केले. प्रवाशांच्या वाटेवर आपले दुकान मांडायचे हे गणित रविवर्मा प्रेसच्या परिसरात सुटलेले दिसते. या सगळ्यांना मी एक गोष्ट विचारतो : तुमच्या कामाचा कागद आहे का? बहुतेकांकडे नसतो. असते ती व्हॉट्सअॅपवरची तारीख आणि आगाऊ रक्कम.

१९५७ चा कॉपीराइट कायदा इथे नीट वाचायला हवा. पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेला फोटो, केलेले चित्र किंवा बनवलेली फिल्म, याच्या हक्काचा पहिला मालक उलट करार नसेल तर पैसे देणारा असतो. म्हणजे पवनेकाठी काढलेले ते सुंदर फोटो छायाचित्रकाराने परस्पर आपल्या जाहिरातीत लावणे त्याच्या हक्कात बसेलच असे नाही. एका ओळीच्या लेखी कराराने हा पेच सुटतो. नोकरीत केलेले काम सहसा मालकाचे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. आणि हक्क विकून टाकले तरी कामावर आपले नाव असावे आणि त्याची मानहानिकारक मोडतोड होऊ नये, हा कर्त्याचा हक्क कायदा त्याच्यापाशीच ठेवतो. धेनुकाकटाच्या सामीला जे दगडावर कोरून मिळवावे लागले, ते आज कलम ५७ मध्ये आहे. किती कलावंतांनी ते वाचले आहे?

या अभ्यासक्षेत्रात येणाऱ्याला एक इशारा देऊन ठेवतो. यशस्वी माणसांच्या चरित्रांवर हा विषय उभा करू नका. रविवर्मा, फाळके, दलाल यांच्याबद्दल लिहिणे सोपे, कारण त्यांच्याबद्दल लिहिलेले आहे. मळवलीत दगड घासणारे, चित्राला चौथा रंग देणारे, वार्निश लावणारे हात कोणाचे होते हा खरा कसाचा प्रश्न. क्रिस्टोफर पिनी, पार्थ मित्तर, एर्विन नॉयमायर यांनी छापील चित्रांच्या इतिहासात मोलाचे काम केले आहे. मराठी माणसाला त्यात जी भर घालता येईल ती मोडी आणि मराठी वहीखात्यांतून, जुन्या छापखान्यांच्या बिलांतून, गावातल्या वृद्धांच्या आठवणींतून. ही साधने इंग्रजीतून येणाऱ्या अभ्यासकाला सहजी मिळणार नाहीत. इथे आपल्याला कोणाच्या मागे उभे राहायचे नाही.

पद्धतीबद्दल थोडक्यात. प्रत्येक कलाकृतीला चार प्रश्न विचारायची सवय लावून घ्या : ही करायला कोणी सांगितली, पैसे कोणी दिले, प्रत कोणी काढली आणि हक्क कोणाकडे राहिले. चित्राच्या सौंदर्याबद्दलचे आपले मत त्यानंतर मांडा. ते अधिक भक्कम होईल. धंदेवाईक म्हणून एखाद्या चित्राला, गाण्याला, कादंबरीला हलके लेखण्याआधी ते काम करणाऱ्याचा दिवस कसा जात होता याची माहिती काढा. आणि तुम्ही स्वतः कलेवर जगत असाल तर स्वतःच्या कामाची वही ठेवा : काम, तारीख, रक्कम, अटी, कोणाला काय दिले. पन्नास वर्षांनी ती वही इतिहासाचे साधन असेल. आज ती तुमचे भांडण मिटवील.

आता वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात, आजोळी, गावच्या देवळात जुनी छापील चित्रे असतील. चौकट बदलताना तळाची पांढरी पट्टी कापू नका. छापखान्याचे नाव, गाव, हक्काची ओळ तिथेच असते. कुणाच्या घरी जुन्या छापखान्याची बिले, पगारपत्रके, लेबलांचे नमुने, चित्रकारांशी केलेले करार किंवा एखादा शिळाछापाचा दगड पडून असेल तर तो भंगारात घालू नका. त्याचा फोटो काढा, तो कुठून आला ते कागदावर लिहा, आणि जवळच्या ग्रंथालयाला किंवा इतिहास संशोधन मंडळाला कळवा. मळवली, कार्ला, लोणावळा, तळेगाव इथल्या जुन्या कुटुंबांना तर ही विनंती खास आहे, कारण त्या छापखान्यात राबलेल्यांची नातवंडे-पतवंडे तुमच्यातच असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे, आणि त्यांच्याशी बोलण्याची वेळ अजून गेलेली नाही.